संपव सिस्टर

माझ्या आत्याला तिच्या वॉर्डात सगळे 'संपव सिस्टर' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पाठ वळली की मात्र झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव, आणि तिलाही ते ठाऊक होतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा तो वॉर्ड. आत्याची सगळी नोकरी तिथंच गेली. दूध पाजायची वेळ झाली की ती बाळ मांडीवर घ्यायची, एका हातात बाटली, दुसऱ्या हाताची बोटं बाळाच्या हनुवटीखाली, आणि तोंडानं एकच धोशा: "संपव गं बाई, संपव. संपव रे राजा." बाळाचे डोळे मिटायला लागले की तळपायावर टिचकी. ओठ घट्ट झाले की दोन्ही गालांवर दाब. तरी नाहीच जमलं तर बाटलीचं निपल तोंडात गोल गोल फिरवायचं. ज्या बाळापुढे बाकीच्या नर्सेस हात टेकायच्या, ते आत्याकडे यायचं आणि बाटली रिकामी करूनच परत जायचं.

याचा तिला अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता. ती नोकरीला लागली तेव्हा वॉर्डात आजच्यासारखी यंत्रं नव्हती, बारीक नळ्या नव्हत्या. ज्या बाळाला चोखायची ताकद नसायची त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे फारसं काही करता यायचं नाही. "एक पोर माझ्या मांडीवर गेलं," तिनं एकदा मला सांगितलं होतं. "मी चमच्यानं दूध घालत होते आणि ते तसंच बाहेर ओघळत होतं. तेव्हाच मी ठरवून टाकलं. जे पितं ते जगतं. बाकी सगळं पुस्तकात."

ती आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची. लग्न केलं नाही. बाबा तिचे धाकटे भाऊ, तिनंच वाढवलेले. केस पांढरे झाले तरी तिच्यासमोर ताटात घास टाकून उठायची त्यांची हिंमत नव्हती. ती खाली आणि आम्ही वर, हे नावालाच. तिच्या आवाजाला जिना लागत नसे.

मग वॉर्डात एक नवी मुलगी आली. बाळांना चोखायला-गिळायला शिकवणं हे तिचं काम. तिला तिथं थेरपिस्ट म्हणत. आत्या घरी येऊन म्हणाली, "घ्या! आता गिळायलासुद्धा मास्तरीण!"

त्या मुलीनं आल्या आल्या वॉर्डातले दिवे मंद करायला लावले. बाळांना उबेत ठेवायच्या पेट्यांवर फायली आपटायच्या नाहीत, मोठ्यानं हाका मारायच्या नाहीत, बाळाची झोप सारखी मोडू नये म्हणून तपासण्या एकदमच उरकून घ्यायच्या, पोटात असतं तसं अंग मुडपून राहावं म्हणून त्याच्याभोवती कापडाच्या वळकट्या लावायच्या. आत्यानं यातलं बरंचसं निमूटपणे केलं. मी पडदे शिवते, तर काचेच्या पेट्यांवर घालायच्या जाड निळ्या अभ्र्यांचं काम तिनंच मला आणून दिलं. "आमच्या बाळांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणे," ती म्हणाली. "शीव बाई. वॉर्डाचं थिएटर करून टाका."

तिचं खरं भांडण होतं दुधावरून. थेरपिस्टचं म्हणणं, बाळ मागेल तेव्हा पाजायचं आणि ते 'पुरे' म्हणेल तिथं थांबायचं. उरलेलं नाकातल्या नळीनं पोटात सोडायचं. आत्याला हे म्हणजे चेष्टा वाटायची. "बाळ म्हणजे काय रुसलेला जावई आहे, त्याची मर्जी सांभाळायला?"

हे मी ऐकायची आणि हसायची, कारण तेव्हा ते माझं नव्हतं.

सातवा महिना सरायच्या आधीच माझं ब्लडप्रेशर चढलं. डोळ्यांपुढे काजवे, डोकं फुटेल असं दुखणं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला होता, तोवर इकडे माझं पोट उघडून बाळ बाहेर काढलं होतं. मुलगी. आत्यानंच तिला आधी हातात घेतलं. मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं तेव्हा ती मीच शिवलेल्या अभ्र्याखाली होती. अभ्र्याच्या एका कोपऱ्याला दोरा संपला म्हणून मी दुसऱ्या रंगानं टीप घातली होती. ती टीप बघतच मी बराच वेळ बसून राहिले. आत बघायचा धीर होईना. नवऱ्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "अगं, ही तर ठिपका आहे नुसता." तेव्हापासून ती ठिपकी.

त्या दिवसांत आत्यानं आम्हाला तळहाताच्या फोडासारखं जपलं, हे सांगितलंच पाहिजे. माझं दूध काढायला तिनं शिकवलं. थेंब थेंब निघालं तरी "वा, काय सोनं काढलंस!" म्हणायची. ते दूध सिरिंजमध्ये भरून नळीला जोडायची आणि हात वर धरून उभी राहायची. ढकलायची नाही, आपोआप उतरू द्यायची. ठिपकीला जरा श्वास धरता यायला लागला तेव्हा आत्यानंच तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून कापड बांधलं आणि कानात म्हणाली, "हलू नकोस. तिला तुझं काळीज ऐकू दे." एवढे मऊ हात मी दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत.

मग तोंडानं पाजायची वेळ आली, आणि थेरपिस्ट माझ्या शेजारी येऊन बसली.

चोखायचं, गिळायचं, गिळताना श्वास थांबवायचा आणि मग पुन्हा घ्यायचा, हे आपल्याला इतकं सहज येतं की ते शिकावं लागतं हे ध्यानातच येत नाही. लवकर आलेल्या बाळाला ते जमत नाही. आधी नुसता दुधाचा थेंब ओठांवर. मग दूध काढून रिकामी केलेली छाती चोखायला द्यायची, नुसती सवय म्हणून. मग हळू येणारं निपल, आणि बाळाला कुशीवर धरून थोडं थोडं पाजणं. तीन-चारदा चोखलं की बाटली खाली झुकवायची, म्हणजे त्याला श्वासाला उसंत मिळते.

"तिच्याकडे बघा," थेरपिस्ट म्हणायची. "बाटलीकडे नको. बोटं पसरली, कपाळावर आठ्या आल्या, रंग उतरला, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं, की ती 'पुरे' म्हणतेय."

"आणि मला कळलं नाही तर?"

"मलाही दर वेळी कळतंच असं नाही. चुकते मी. म्हणून तर शंका आली की थांबायचं."

ठिपकी काही घोट घ्यायची आणि मान टाकून झोपायची. उरलेलं नळीतून. सगळं दूध तोंडानं घेतल्याशिवाय घरी सोडायचं नाही असा तिथला नियम. तिच्या मागून आलेली बाळं टोपडी घालून घरी गेली. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या आईनं निघताना माझा हात धरला आणि मला तिचा राग आला, इतकं माझं मन कडू झालं होतं.

आत्या लांबून बघायची. तिचे हात नुसते शिवशिवायचे. "चार घोट की झोप! हिला घरी न्यायची आहे का इथंच शाळेत घालायची आहे?" ती मला म्हणायची. थेरपिस्टवर माझा विश्वास होता, आणि आत्यावर त्याहून जास्त. दोघी दोन टोकांना, आणि मी मध्ये.

त्यातच माझ्या छातीत दूध साकळून गाठ आली, सडकून ताप भरला. तापात वॉर्डात जायची परवानगी नव्हती. मी घरी पडून होते. दुपार होती, बाबा माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते, आणि फोन वाजला. आत्याच होती.

"ठिपकीचा श्वास अडकला," ती म्हणाली. "दूध छातीत गेलंय. माझ्या हातून. ये."

एवढंच. तिच्या आवाजाला कधी जिना लागत नसे, पण त्या दिवशी मला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

काय झालं ते मला पुढे तिनंच सांगितलं. थेरपिस्ट दुसऱ्या वॉर्डात गेली होती. आत्यानं ठिपकीला मांडीवर घेतलं. सुरुवातीला ती छान प्यायली, रोजच्यापेक्षा जास्त प्यायली. आत्याला वाटलं, बघा, शेवटी माझाच हात लागतो. मग ठिपकीनं बोटं पसरली. "बघितली गं मी ती," आत्या म्हणाली. "दिसली नाहीत असं नाही. पण बाटलीत थोडंच उरलं होतं." तिनं हनुवटीखाली बोटं घातली, तळपायाला टिचकी मारली, आणि नेहमीचा धोशा लावला. ठिपकी खोकलीसुद्धा नाही. राखेसारखी झाली आणि तिचे हात खाली लोंबले. यंत्र कोकलायला लागलं. तिला पालथी करून तोंडातलं दूध ओढून काढलं, मुखवटा लावून फुग्यानं श्वास दिला, तोही आत्यानंच. बाकीच्या पोचेपर्यंत ठिपकीचं काळीज परत चालायला लागलं होतं.

मी ताप असतानाच गेले. अर्थात कुणी आत सोडलं नाही. काचेतून दिसलं ते एवढंच, की ठिपकीच्या तोंडात पुन्हा श्वासाची जाड नळी होती, जी निघाली म्हणून आम्ही मागे पेढे वाटल्यासारखे हसत फिरलो होतो. आत्या बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या अंगावर दूध सांडलेलं होतं.

मोठे डॉक्टर तिला समजावत होते, "असं कुणाच्याही हातून होऊ शकतं, सिस्टर."

"कुणाच्याही नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं. पोर नको म्हणत होती, मी घातलं. तसंच लिहा."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या अगदी जवळ गेले. आयुष्यात कधी तिच्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, तेव्हाही आवाज चढवला नाही.

"सगळे तुला काय म्हणतात ठाऊक आहे ना? बरोबर म्हणतात. तू माझ्या मुलीला संपवत होतीस."

तिथं उभ्या असलेल्या झाडूवाल्या मावशींनी तोंडावर हात ठेवला. आत्यानं नुसती मान हलवली, हो म्हटल्यासारखी. त्यानंतर त्या वॉर्डात ते नाव कुणी घेतलं नाही.

ठिपकीला न्यूमोनिया झाला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. ती वाचली, पण वाचली ती तोंड मिटूनच. बाटली तर राहोच, नुसता तिच्या ओठांना काही स्पर्श झाला तरी पाठीची कमान करायची, मान फिरवायची, हुंदके द्यायची. ज्या थेंबासाठी पूर्वी जीभ बाहेर काढायची त्याच्यासाठीसुद्धा ओठ उघडेना. थेरपिस्ट एकदा तिच्याजवळून उठून बाहेर गेली आणि डोळे पुसून परत आली. "घाई करता येणार नाही," ती म्हणाली. "तोंड म्हणजे धोका, असं तिच्या डोक्यात बसलंय. ते आपल्याला तिच्याच कलानं काढावं लागेल." शेवटी नाकातली नळी ठेवूनच त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

आत्यानं स्वतःहून वॉर्ड सोडला होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बाटल्या, नळ्या, भांडी धुऊन उकळून काढायची खोली होती. तिथं तिनं बदली मागून घेतली. इतक्या वर्षांची नर्स बाटल्या धुते म्हणून लोक हळहळले. ती घरी यायची तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास असायचा, असं बाबा म्हणायचे. मला ठाऊक नाही. मी तिच्याशी बोलत नव्हते. जिन्यात गाठ पडली तर ती भिंतीकडे सरकून मला वाट द्यायची.

एके दिवशी नवरा जेवता जेवता थांबला. "एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "तू तापानं पडली होतीस ना, त्या सकाळी मीच आत्यांना म्हणालो होतो. म्हटलं, आत्या, आता तुम्हीच काहीतरी करा. तुमच्या हाताला यश आहे."

"हे ती का नाही बोलली?"

"मीही विचारलं त्यांना. म्हणाल्या, तुम्ही लिफ्टवाले. तुमच्या सांगण्यावरून मी दूध पाजते का?"

मी त्याच्यावर ओरडले, खूप ओरडले. पण आत्याकडे तेव्हाही गेले नाही.

गेले ते मला गरज पडली तेव्हा. ठिपकीनं ओढून नाकातली नळी काढून टाकली. नवी घालायला आम्हाला शिकवलं होतं, बाहुलीवर जमलंही होतं. पण स्वतःच्या पोरीच्या नाकात नळी सारताना ती घुसमटून किंचाळते तेव्हा हात लुळे पडतात. नवरा तर पांढराफटक पडून खुर्चीत बसला. बारा मजल्यांच्या पोकळीत लोंबकळणारा माणूस! दुधाची वेळ टळून चालली होती. मी जिन्यात जाऊन हाक मारली, "आत्या!"

ती हात धुऊनच वर आली. ठिपकीला दुपट्यात गुंडाळलं, माझ्या मांडीवर दिलं, म्हणाली, "तू तिच्याशी बोल. काहीही बोल." मी काय बोलले आठवत नाही. नळी सर्रकन आत गेली. ती पोटातच गेलीय ना, हे तिनं दोन-दोनदा तपासलं, चिकटपट्टी लावली, आणि दोन पावलं मागं सरकली. ठिपकीच्या ओठांना तिनं चुकूनही बोट लागू दिलं नाही.

तेव्हापासून नळी बदलायला ती यायची. आम्ही ठिपकीपुरतं बोलायला लागलो. थेरपिस्टनं सांगितलेला अभ्यास मी करायची: नळीतून दूध जाताना ठिपकीला मांडीवर घ्यायचं, दुधाचा वास येऊ द्यायचा, तिचाच हात तिच्या तोंडाकडे न्यायचा, आधी गाल, मग हनुवटी, मग फार तर ओठांची कड. नको म्हणाली की थांबायचं. काही आठवडे आम्ही गालाच्या पुढे सरकलो नाही. हे सुरू झालं की आत्या उठून दुसऱ्या खोलीत जायची. "मला बसवत नाही गं," ती म्हणाली. "ती तोंड फिरवते आणि माझा हात आपोआप उठतो. बघ." खरंच तिची दोन बोटं वळलेली होती, हनुवटीखाली घालावीत तशी.

एकदा ती भाजी घेऊन आली ती घामाघूम, पिशवी हातातच. बाजारात एक बाई भेटली होती, बरोबर उंच वाढलेला मुलगा. बाई वाकून म्हणाली होती, सिस्टर, हा तुमच्या हातचं दूध पिऊन जगला. मुलगाही हसला होता.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"पुढं काय म्हणाली ऐक. म्हणाली, अजून जेवणाचं रडगाणं आहे याचं. घास तोंडात धरून बसतो, काही नवं दिलं की उलटी काढतो. लहानपणापासून तसाच, म्हणे." आत्या खाली बसली. "माझ्याकडून बाटली संपवून घरी गेलेली पोरं मी पुढं कधी बघितलीच नाहीत. घरी गेली म्हणजे जिंकली, एवढंच मला कळायचं."

"मुलं खात नाहीत याला हजार कारणं असतात, आत्या."

"असतात," ती म्हणाली. "आणि जगली नसती तर खायचा प्रश्नच नव्हता, हेही मला येतं म्हणायला. दोन्ही बाजूंनी बोलून झालं माझं. उत्तर येत नाही."

मी पिशवीतली भाजी काढून धुवायला घेतली.

ठिपकीनं दूध प्यायला सुरुवात केली ती बाटलीनं नाहीच. माझ्या हातातल्या छोट्या पेल्याशी खेळता खेळता तिनं त्याची कड चाटली. मग दुसऱ्या दिवशी काहीच नाही. मग पुन्हा चाटली. मऊ केलेलं केळं स्वतःच्या बोटानं तोंडात घालून बघितलं, चेहरा वाकडा केला, आणि परत घातलं. मधे सर्दी झाली की सगळं मुसळ केरात. पुन्हा गालापासून सुरुवात. नळी निघायला तिचा पहिला वाढदिवस उलटून गेला.

शेवटची नळी आत्यानंच काढली. पट्टीखाली गाल सोलवटला होता. कापसाच्या बोळ्यानं तेल लावत लावत तिनं पट्टी अशी सोडवली, की ठिपकी रडली ती नळी निघाल्यावर, नाक हलकं लागलं म्हणून. मी तिला उचलून घेतलं. आत्यानं नळी कागदात गुंडाळली, हात धुतले, आणि कामाची वेळ झाली म्हणून खाली गेली. बाटल्या धुवायच्या खोलीतूनच ती पुढं निवृत्त झाली. थेरपिस्टनं तिला वॉर्डात परत बोलावलं होतं, नव्या नर्सेसना नळ्या घालायला शिकवायला. ती गेली नाही.

ठिपकी आता धावते, बोलते, भांडते. वयाच्या मानानं किरकोळ आहे. पातळ काही प्यायली की अजून ठसका लागतो, आणि तो लागला की घरातले सगळे जागच्या जागी थिजतात. दुपारी मी पडद्यांच्या दुकानात जाते तेव्हा ती खाली आत्याकडे असते. आत्या तिला बटणं ओवायला देते, गाड्यांचे रंग ओळखायला खिडकीत बसवते. दोघींचं चांगलं जमतं. मात्र ठिपकीच्या खाण्याची वेळ झाली की मी हातातला पडदा तसाच टाकून तिला भरवायला घरी येते. आत्याला हे ठाऊक आहे. मी जिना चढत असते तोवर तिनं ठिपकीला चपला घालून दारात उभी केलेली असते.